घोडं कुठं पेंड खातंय?

आमच्या सोसायटीच्या सभेत सगळे एकदम गप्प झाल्याची नोंद इतिवृत्ताच्या वहीत कुठेही नाही. ‘चहापानानंतर सभा खेळीमेळीच्या वातावरणात संपली’ हे वाक्य दर वेळी असतं. पण चहापानाआधी काय काय झालं ते लिहून ठेवण्याचं धाडस एकाही सेक्रेटरीनं केलेलं नाही. अशा सभेत एका रविवारी चांगलं अर्धं मिनिट शांतता पसरली. माझी बायको उभी राहिली आणि म्हणाली, “मी आपल्या बिल्डिंगबद्दल विचारून आले. कोर्ट कार्ड निघालं.”

खजिनदारांनी ओठाशी नेलेली बशी खाली ठेवली. सेक्रेटरींचा आवाज एरवी रेल्वे स्टेशनापर्यंत जातो. तो घशातच अडकला. “कुठल्या कोर्टाचं?” ते म्हणाले. “कल्याणच्या की थेट हायकोर्टाच्या? स्टे आला का?”

“अहो काका, टॅरोचं कोर्ट कार्ड. नाइट ऑफ पेंटॅकल्स.”

“नाइट?” तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या. “वॉचमनची का? मी केव्हापासून सांगतेय, नाइटला तो झोपतो.”

मग जो गलका सुरू झाला, तो समजायला थोडं मागे जायला हवं.

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला. कल्याण-डोंबिवलीला महापालिका मिळाली १९८३ साली आणि आमची बिल्डिंग उभी राहिली त्याच्या पुढच्या वर्षी. तळमजला अधिक तीन, चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. गेली सहा-सात वर्षं ती ‘पुनर्विकासाला जाणार’ आहे. जाणार म्हटल्यापासून कुणी भिंतीला रंग लावलेला नाही, कुणी फुटकी टाइल बदललेली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाचं लग्नसुद्धा ‘नव्या घरातूनच करू’ म्हणून राहिलं होतं. शेवटी मुलीकडच्यांनी दुसरा मुलगा बघितला.

नियम तसा सोपा आहे. ४ जुलै २०१९ च्या सरकारी निर्देशांप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. चोविसाचे ५१ टक्के म्हणजे १२.२४ सभासद. आमच्याकडे सह्या होत्या बारा. उरलेला पॉइंट चोवीस सभासद कुठून आणायचा, यावर आमच्या सभा चालत. काही जण गावी होते, काही जणांचे भाऊ-भाऊ भांडत होते, काही जणांना कार्पेट एरिया कमी वाटत होता. मी स्वतः या प्रकरणाचा सखोल अभ्यास करत असल्यामुळे घाईघाईनं मत देत नव्हतो.

बायकोचा स्वभाव असा अभ्यासू नाही. तिची मामेबहीण घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे राहते. कर्तबगार बाई आहे. आधी तिनं घरगुती चॉकलेटं केली, मग क्विलिंगचे कानातले केले, मग लॉकडाउनमध्ये ऑनलाइन टॅरो शिकली. आमची मुलगी तिला टॅरोमावशीच म्हणते. “तिला विचारून तरी बघू,” बायको म्हणाली. मी विज्ञाननिष्ठ माणूस असल्यामुळे विरोध केला आणि पिशवी धरायला म्हणून बरोबर गेलो.

१६ एप्रिल १८५३ रोजी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंतचं ३४ किलोमीटर अंतर साधारण सव्वा तासात कापलं होतं, हे ठाणे जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाला शाळेत शिकवतात. आम्ही ठाणे स्टेशनहून घोडबंदर रोडनं जेमतेम दहा-बारा किलोमीटर जायला पावणेदोन तास घेतले. इंजिन एकच होतं, त्याचं नाव लिहिलेलं नव्हतं. कापूरबावडीला बस थांबली. मानपाड्याला थांबली. पातलीपाड्याला तर ड्रायव्हरनं इंजिन बंद करून डबा उघडला आणि शेजारच्या बसच्या ड्रायव्हरला लोणचं दिलं. डोक्यावर मेट्रोचे खांब, खाली आम्ही. पूर्वी इथल्या खाडीवर अरबी घोडे उतरत आणि पोर्तुगीज ते विकत घेत, म्हणून घोडबंदर, असं सांगतात. त्या गावात पोर्तुगिजांच्या वेळचा किल्ला अजून उभा आहे. आता घोडे उतरत नाहीत. हॉर्सपॉवर मात्र हजारोंनी येते आणि किल्ल्यासारखीच उभी राहते.

टॅरोमावशीनं मेणबत्ती लावली, जांभळं कापड अंथरलं आणि पत्ते पिसायला घेतले. ते बघून माझा जीव हळहळला. पत्त्यांचं आम्हाला कुणी सांगायला नको. मे महिन्यात गच्चीवर झब्बू आणि बदाम सात, गणपतीच्या जागरणाला मेंढीकोट आणि नोकरी लागल्यावर तीस वर्षं लोकलमध्ये चौघांच्या गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी टाकून तोच डाव पुढे चालू. पारसिकच्या बोगद्यात डब्यातले दिवे गेले तरी हातातलं हुकमाचं पान चाचपून ओळखणारे लोक आमच्या ग्रुपमध्ये होते. ही बाई मात्र एकेक पान देवाच्या टाकासारखं हाताळत होती.

“प्रश्न मनात धर,” ती बायकोला म्हणाली.

बायकोनं प्रश्न मनात धरला नाही. मोठ्यानं विचारला. “आमच्या बिल्डिंगचं घोडं कुठं पेंड खातंय?”

पान उलटलं. त्यावर घोडा होता. उभा.

मी विज्ञाननिष्ठ आहे, हे वर सांगितलंच. तरीसुद्धा माझ्या हातातली पिशवी खाली पडली. काळा, जाडजूड, शेतीकामाचा वाटावा असा घोडा. चारही पाय जमिनीवर. मागे नांगरलेलं शेत. वर चिलखत घातलेला स्वार, हातात एक मोठं नाणं, त्यावर पाच टोकांची चांदणी. स्वाराच्या शिरस्त्राणावर आणि घोड्याच्या डोक्यावर हिरवा पाला. म्हणजे घोड्यानं पेंड खाल्ली की पाला एवढाच काय तो वाद.

“नाइट ऑफ पेंटॅकल्स,” टॅरोमावशी गंभीर झाली. “कोर्ट कार्ड आहे. ही पानं सगळ्यात अवघड.”

“म्हणजे काय होणार?”

“बाकीची पानं काय होतंय ते सांगतात. कोर्ट कार्ड आलं, की समजायचं, कुणीतरी आहे.”

हे वाक्य मी घरी जाईपर्यंत चघळत होतो. कुणीतरी आहे! डोंबिवलीत कुणीतरी नाही असं झालंय कधी? इथे दार उघडलं की जिन्यात कुणीतरी असतं, खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी असतं आणि गाडीत तर आपल्या पायावर पाय देऊन कुणीतरी असतंच.

पण टॅरोवाल्यांची खरी अडचण याच्या पुढे आहे. ते ‘कुणीतरी’ म्हणजे नेमकं कोण? टॅरोमावशीनं चार पर्याय सांगितले. एक, तुमच्या आयुष्यातला खराखुरा माणूस. दोन, तुम्ही स्वतः. तीन, कुणा माणसाशी संबंध नाही, फक्त एक स्वभाव किंवा वृत्ती, जी आता अंगी बाणवावी किंवा टाकून द्यावी. चार, एखादी बातमी किंवा घडामोड. म्हणजे पान एक आणि अर्थ चार. त्यात पान उलटं पडलं तर अर्थही उलटा. हा घोडेस्वार सुलट आला तर जबाबदार, चिकाटीचा, शब्दाला जागणारा. उलट आला तर सुस्त, जागचा न हलणारा. घोडा मात्र दोन्हीकडे उभाच. “आमच्याकडे कसा आला?” बायकोनं विचारलं. टॅरोमावशी तिच्या बाजूला बसली होती, मी समोर. “आपल्या बाजूनं सुलट,” ती म्हणाली. “भावजींच्या बाजूनं उलट.”

परतीच्या बसमध्ये वेळ भरपूर असल्यामुळे मी मोबाइलवर या पत्त्यांची सगळी कुळकथा वाचून काढली.

टॅरोच्या कॅटमध्ये ७८ पानं. त्यातली २२ मोठी, मृत्यू, सूर्य, मनोरा वगैरे, जी हिंदी मालिकांत ज्योतिषीण बाई ढगांच्या गडगडाटात दाखवते. उरलेली ५६ आपल्याच पत्त्यांची सख्खी भावंडं. पेले म्हणजे बदाम, तलवारी म्हणजे इस्पिक, नाणी, तीच पेंटॅकल्स, म्हणजे चौकट, काठ्या म्हणजे किलवर. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं आणि वर चार चित्रं, तीच कोर्ट कार्डं. आपल्याकडे चित्रं तीनच, राजा, राणी, गुलाम. तिकडे गुलामाच्या जागी ‘पेज’, आणि गुलाम-राणीच्या मध्ये एक घोडेस्वार. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाले, तेही खेळायला. त्यात भविष्य आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. ते तीनशेहून अधिक वर्षांनी, १७८१ मध्ये, कूर द जेबलँ नावाच्या एका फ्रेंच विद्वानानं जाहीर केलं. हे तर प्राचीन इजिप्तचं गूढ ज्ञान, असं त्याचं म्हणणं. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे त्याला खोडून काढायलाही कुणी नव्हतं. दरम्यान फ्रेंचांनी आपल्या साध्या कॅटमधून घोडेस्वाराला कमी केलं, इंग्रजांनी तोच कॅट उचलला आणि आपल्याकडे आणला. म्हणजे आम्ही पन्नास वर्षं मेंढीकोट खेळलो, ते एक माणूस कमी घेऊन.

आज जी चित्रं सगळीकडे दिसतात ती लंडनमध्ये १९०९ साली छापली गेली. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, कुंचला पामेला कोलमन स्मिथ या बाईंचा. चित्रं पुरी झाल्यावर बाईंनी एका मित्राला पत्रात कळवलं, की मोठं काम उरकलं, पैसे मात्र अगदी थोडे मिळाले. आमच्या पहिल्या मजल्यावर लग्नपत्रिकांचं डिझाइन करणारी एक मुलगी राहते. तिला मी हे सांगितल्यावर ती म्हणाली, “काका, मला त्या ओळखीच्या वाटतात.”

पण खरी गंमत वेटसाहेबांच्या पुस्तकात आहे. प्रश्न विचारणाऱ्या माणसासाठी कोर्ट कार्ड निवडायचं कसं, याचा त्यांनी नियमच घालून दिलाय. केस पिवळे किंवा तांबूस, वर्ण गोरा, डोळे निळे, तर काठ्या. केस फिकट तपकिरी, डोळे करडे किंवा निळे, तर पेले. डोळे करडे-घारे आणि केस गडद तपकिरी, तर तलवारी. केस काळे, डोळे काळे, वर्ण सावळा, तर नाणी.

मी बसमध्ये मान वर करून पाहिलं. ड्रायव्हर, कंडक्टर, उभे प्रवासी, बसलेले प्रवासी, सगळी नाणी. ठाणे स्टेशनावर उतरलो. सहा नंबरवर नाणी, पुलावर नाणी, जिन्यावर नाणी आणि तिकिटाच्या खिडकीला सुट्ट्यांवरून भांडणारीही नाणीच. आमच्या बिल्डिंगचा हिशेब केला तर तिसऱ्या मजल्यावर एक जोडी घारे डोळे आहेत, ते तलवारीत गेले. समोरच्या वहिनी महिन्यातून एका रविवारी मेंदी लावतात तेव्हा आठवडाभर काठ्यांत असतात आणि लग्नकार्य निघालं, काळा डाय लागला, की पुन्हा नाण्यांत. बाकी सगळे कायमचे नाणी. तरी चोवीस घरांचा मेंटेनन्स वेळेवर जमत नाही.

वयाचाही नियम आहे. पुरुष चाळिशीच्या आत असेल तर राजा. चाळीस उलटली की घोडेस्वार. बाई चाळिशीच्या पुढे राणी, त्याच्या आत पेज. हे वाचून मला वेटसाहेबांबद्दल आदर वाटला. चाळिशीपर्यंत माणूस राजा असतो आणि नंतर त्याला घोड्यावर बसवून कामाला पाठवतात, हे सत्य त्यांना डोंबिवलीत न राहता कळलं. बाईचं गणित बरोब्बर उलटं. ती पेजेपासून सुरू होते आणि राणी होऊन बसते. वय पंचावन्न, केस पूर्वी काळे, वर्ण सावळा. नियमानं मी नाइट ऑफ पेंटॅकल्स निघत होतो. पण मी हे बायकोला वाचून दाखवलं नाही. अभ्यास अपुरा असताना निष्कर्ष काढू नये.

तर अशा पूर्वपीठिकेवर ती सभा चालू होती.

“कुणीतरी आहे,” बायकोनं टॅरोमावशीचं वाक्य सभेपुढे ठेवलं. “सावकाश माणूस. जबाबदार वाटतो, हातात नाणं धरून बसतो, पण त्याचा घोडा हलत नाही.”

“बिल्डर!” खजिनदार म्हणाले. “पैसा हातात धरलाय आणि हलत नाही.”

“बिल्डर कसा? बिल्डर अजून ठरलाय कुठे?” सेक्रेटरी म्हणाले. “हा तो पुण्याला जाऊन बसलेला बारा नंबरवाला. फोन केला की म्हणतो, कळवतो.”

“हातात नाणं म्हणजे हिशेब,” तिसऱ्या मजल्यावरच्या घाऱ्या डोळ्यांनी तलवार काढली. “आणि हिशेब कुणाकडे? खजिनदारांकडे. शिवाय उभा घोडा आपल्या पार्किंगमध्येच आहे. ती तुमची चेतक किती वर्षं कव्हर घालून उभी आहे हो?”

खजिनदारांचा चेहरा पडला. बजाजनं त्या स्कूटरला राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव दिलंय हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते कधी पुराव्यात येईल असं वाटलं नव्हतं.

आमच्याकडे एक निवृत्त विज्ञानशिक्षक आहेत. सर उठले. “मंडळी, १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून स्वभाववर्णन लिहून दिलं आणि पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी ४.२६ गुण पडले. मग त्यानं सांगितलं, की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता! आत्ता इथे वेगळं काय चाललंय? पान एक आहे, आणि प्रत्येकाला त्यात शेजारी दिसतोय.”

“सर, फरक आहे,” आमची मुलगी मागून म्हणाली. “त्यांना स्वतःचं वर्णन पटलं. आपल्याकडे दुसऱ्याचं पटतंय.”

“तेच!” सरांना रंग चढला. “जयंत नारळीकर, दाभोलकर वगैरेंनी इथे महाराष्ट्रातच चाचणी घेतली. सत्तावीस ज्योतिषी, प्रत्येकाला चाळीस पत्रिका. पत्रिका हुशार मुलाची की गतिमंद मुलाची एवढंच सांगायचं. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. नाणं उडवून जेवढं जमेल, त्याहून अधिक काही जमलं नाही.”

“बघा!” बायको म्हणाली. “शेवटी नाणंच ना?”

सर खाली बसले.

दुसऱ्या मजल्यावर सावंतवाडीकडचे भाऊ राहतात. त्यांना पानाच्या अर्थापेक्षा पत्त्यांत रस होता. “आमच्याकडच्या गंजिफा बघितल्यात? गोल पत्ते. दशावतारी कॅट, एकशेवीस पानांचा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पानं. चित्रं दोनच, राजा आणि प्रधान. राणी नाही, गुलाम नाही, घोडेस्वार नाही. त्यामुळे कोण अडवतंय हा प्रश्नच येत नाही. प्रधानच अडवणार!”

“आणि राणी का नाही?” समोरच्या वहिनींनी त्या आठवड्यात मेंदी लावलेली होती.

भाऊंनी विषय बदलला. “बाकी तुमच्या यात काय काय असतं?”

मुलीनं मोबाइलवर चित्रं काढून दाखवायला घेतली आणि सभेला खरा रंग चढला. काठ्यांचा घोडेस्वार घोडा मागच्या पायांवर उचलतो; हा रिक्षा स्टँडवर रांग मोडणारा, यावर एकमत झालं. तलवारींचा घोडेस्वार भरधाव, मागे झाडं वाकलेली. तो सकाळी गाडी पुरती थांबायच्या आत डब्यात उडी घेणारा. पेल्यांचा घोडेस्वार नटूनथटून, पेला सांभाळत, डौलात निघालेला. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नवे कुर्ते घालून असे शेकड्यांनी फिरतात. तलवारींची राणी एक हात पुढे करून कुणाला तरी थांबवते आहे. लेडीज डब्यात ‘कुठे उतरणार?’ विचारणारी. पेल्यांचा राजा भर समुद्रात सिंहासन टाकून शांत बसलाय, पाय कोरडे. “२६ जुलैला मी पलंगावर अशीच बसले होते,” आजी म्हणाल्या, “फक्त पाय कोरडे नव्हते.” २००५ साली तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं.

“आणि ही पेज ऑफ कप्स,” मुलगी म्हणाली.

“कपात पेज?” आजी पुढे सरकल्या. “कोण आजारी आहे?”

चित्रात एक पोरगा पेला घेऊन उभा होता आणि पेल्यातून चक्क एक मासा डोकं वर काढून त्याच्याकडे बघत होता. भाऊंनी चष्मा पुसला, चित्र नीट पाहिलं आणि त्यांना भरून आलं. “पेज आणि मासो! हा माणूस आमच्याकडचाच असणार.” त्या क्षणी टॅरोवर त्यांचा जो विश्वास बसला, तो सरांना शेवटपर्यंत हलवता आला नाही.

चहापानानंतर सभा खेळीमेळीच्या वातावरणात संपली. घोडेस्वार कोण, यावर सात नावं आली होती. त्या सातांपैकी पाच जण स्वतः हजर असल्यामुळे इतिवृत्तात ‘पेंटॅकल्सबाबत सविस्तर चर्चा झाली’ एवढंच लिहायचं ठरलं.

घरी आल्यावर बायको काही बोलली नाही. थेट कपाटाकडे गेली आणि माझा सगळ्यात खालचा ड्रॉवर ओढला. त्यात विजेची जुनी बिलं, बंद पडलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड, मुलीचं तिसरीचं प्रगतिपुस्तक, आणि त्याच्या खाली प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एक कागद होता. पुनर्विकासाचं संमतीपत्र. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. सही करायची जागा कोरी. समासात माझ्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘अभ्यास करणे’.

“चौदा महिने,” बायको म्हणाली.

“घाईत सही करू नये म्हणून…”

“सही तुमची लागतच नाही. शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव माझं आहे. कर्ज माझ्या बँकेतून काढलं होतं, विसरलात? सेक्रेटरी काकांनी कागद तुमच्या हातात दिला, बायकोकडून सही आणून द्या म्हणून.”

तिनं डायनिंग टेबलावरचं पेन घेतलं आणि सही केली. तिच्या सहीला सहा सेकंद लागतात.

“तुला आधीपासून माहीत होतं?”

“ड्रॉवर मीच आवरते.”

“मग मला सरळ सांगायचंस. घोडबंदरपर्यंत कशाला नेलंस?”

“मी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, अभ्यास चालू आहे. वर्षभर तेच म्हणताय. म्हटलं, चित्र दाखवलं तर समजेल. सभेतसुद्धा वाट बघत होते, तुमच्या तोंडून तुमचं नाव येतंय का.” ती फोल्डर घेऊन दाराशी गेली. “सात नावं आली. तुमचं एकानंही घेतलं नाही, तेवढं बरं झालं.”

बसमध्ये मी वाचलं होतं पण जुळवलं नव्हतं, ते मग एकट्यानं बसून जुळवलं. टॅरोच्या प्रत्येक रंगात चौदा पानं. दहापर्यंत आकडे, अकरावा पेज, बारावा घोडेस्वार, तेरावी राणी, चौदावा राजा. आमचं काम बाराव्या सहीवर अडलं होतं. नाण्यांच्या राणीचं चित्र मी शोधून काढलं. बागेत सिंहासनावर बसली आहे, नाणं मांडीवर घेऊन शांतपणे बघते आहे, पायाशी एक ससा. तिला घाई नाही आणि तिचा घोडाही कुठे दिसत नाही. तिला त्याची गरज नसावी.

आता टॅरो खरं की खोटं, हे सरांना विचारलं तर ते खोटं म्हणतील आणि भाऊंना विचारलं तर ते पेजेची शपथ घेऊन खरं म्हणतील. माझं मत चौदा महिन्यांच्या अनुभवातून बनलेलं आहे. त्या पानाला आमच्या बिल्डिंगची काहीही माहिती नव्हती. माहिती बायकोला होती. कोर्ट कार्डात ‘कुणीतरी’ असतं ते एवढ्याचसाठी, की घरातल्या माणसाला तोंडावर सांगता येत नाही ते चिलखत घातलेल्या तिऱ्हाइताकडे बोट दाखवून सांगता यावं. पूर्वी हे काम दारावरचा पोपटवाला करायचा, पोपटाला पाकीट उचलायला लावून. घरातले लोक पोपटावर रागावत नसत. मी वर्षभर संमतीपत्राच्या नावाखाली कागदी घोडेच नाचवत होतो. फरक इतकाच की नाचतसुद्धा नव्हते.

तेरा सह्यांचा गठ्ठा सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी पुढे पाठवला आणि त्याची शिक्का मारलेली पोच नोटीस बोर्डावर लावली. घोडं गंगेत न्हायला अजून बराच अवकाश आहे. पण उल्हास नदीपर्यंत तरी आलंय. खजिनदारांनी त्याच आठवड्यात चेतकचं कव्हर काढून ती धुतली. चालू झाली नाही, पण धुतली.

तुमच्या बिल्डिंगचंही घोडं कुठंतरी पेंड खात असेल, तर सभा बोलवायच्या आधी एक करा. आपल्याच कपाटातला सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडून बघा. तिथं काही सापडलं नाही, तर मग खुशाल घोडबंदरला जाऊन पान काढून घ्या. फक्त सकाळी सातच्या आत निघा.